फाटकाशी रोवलेली काठी

बर्चची पानं पिवळी पडली की नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या आमच्या या गावात माणसं रस्त्याच्या कडेला उंच काठ्या रोवू लागतात. पुढे सगळं बर्फाखाली गेलं की रस्ता कुठे संपतो, ते बर्फ काढणाऱ्या गाडीला या काठ्यांवरूनच कळतं. जमीन गोठायच्या आत हे काम उरकावं लागतं.

मी खिडकीतून नुसती बघत बसते. नाशिकला परत जायचं, असं दर उन्हाळ्यात ठरवते. हवा अशी गार झाली की ठरवण्याचाही शीण येतो.

आज शेजारच्या इंगरिडबाई हातोडा घेऊन फाटकाशी आल्या. "तुमच्या काठ्या राहिल्यात."

"यंदा इथे असेन की नाही, माहीत नाही."

"बरं," म्हणत त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "सरळ धरा."

मी धरली. जमीन अजून मऊ होती. एका घावात काठी आत गेली.