पाणी उपसणाऱ्याचा सल्ला

मुलगी नौदलात भरती झाली तेव्हा तिच्यापेक्षा माझीच छाती जास्त फुगली. नया नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटताना मी प्रत्येक दारात हिंदीतून सांगितलं, "कोली हैं हम, खून में समुंदर है." मी स्वतः काशीमीऱ्याच्या गोदामात वीस वर्षं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतोय आणि होडीत बसलो की मला उलटी होते, एवढा तपशील गाळला.

तिच्या प्रशिक्षणात एक लोखंडी खोली असते. जहाजाला भोक पडलं तर काय करायचं, ते तिथे शिकवतात. भिंतीतल्या भोकांतून पाणी सुटतं, खोली डोलते, आणि पाणी थांबवायचं. परीक्षेआधी मी फोनवर लगेच सल्ला दिला, "घाबरायचं नाही. लहानपणी बाबांच्या गळक्या होडीत मी तेच करायचो, पाणी आलं की आधी उपसायचं. बाकी सगळं नंतर."

चार दिवसांनी तिचा फोन.

"पप्पा, नापास झाले."

"का गं?"

"बादली शोधत बसले. सर ओरडले, समुंदर खाली करने आई हो क्या?"

आता एकच संधी उरली होती, शनिवारी. तीही गेली तर बॅच पुढे जाणार आणि ही मागे राहणार. घरात बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं.

शेवटी गावी मोठ्या भावाकडे गेलो. बाबांनंतर होडी तोच चालवतो. सगळं ऐकून तो जाळं विणायचं थांबवून हसत सुटला.

"आरं, तू पाच वरसांचा व्हतास! बाबा भोकात चिंधी कोंबून वर टाच दाबून बसायचा. तू रडू न्हाय म्हणून तुझ्या हातात डबा दिलेला."

"म्हणजे पाणी मी काढत नव्हतो?"

"काढायचास की. अर्धं माझ्या अंगावर."

होडी आपणच वाचवायचो, या समजुतीवर मी पन्नाशी गाठली होती. संध्याकाळी लेकीला फोन करून कबुली दिली.

"माहितीय पप्पा," ती म्हणाली. "आता आधी चिंधी, मग लाकडी पाचर, मग हातोडा. झोपेतही तेच ठोकतेय."

शनिवारी दुपारी मी फोन हातात धरूनच जेवलो. तो वाजला.

"झालं! पाणी कमरेपर्यंत आलं होतं, पण दोन भोकं मी बंद केली!"

बायको रडायला लागली. मीही.

"सोमवारपासून आग विझवायला शिकवणार आहेत," लेक म्हणाली.

मी घसा साफ केला. "हे बघ, आग लागली की आधी..."

"पप्पा, प्लीज. फोन आईला द्या."