डबा खाल्ला आणि लग्नाला गेली नाही

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या बोयोलालीच्या शिलाई कारखान्यात तिउर्मा सुपरवायझर म्हणून आली, तेव्हा तिच्या हाताखाली चाळीस जणी होत्या, आणि चाळीसही जावी. ती एकटी बातक जमातीची, पार सुमात्रा बेटावरच्या तोबा सरोवराकडची. बातक माणूस बोलायला लागला की शेजारच्या गल्लीला ऐकू जातं. जावी बाई रागावली तर तिच्या नवऱ्यालाही पत्ता लागत नाही. घ्या, आता चालवा कारखाना!

पहिले दोन महिने बरे गेले. जेवताना बायका तिला मध्ये बसवून घेत, तिच्या खड्या आवाजाची नक्कल करून हसत. मग एके दिवशी सगळं थांबलं. "हो बू", "बरं बू", म्हणजे "हो बाई", "बरं बाई", एवढंच. तिने नमाजाला दहा मिनिटं वाढवून दिली, सणाला रजा दिल्या, तरी तेच. ती भिंतीकडे तोंड करून एकटीच जेवू लागली. रविवारी चर्चमधून खोलीवर आली की दिवसभर बोलायला कुणी नसे. फोनवर म्हणाली, "आई, मला इथे कुणी शिव्यासुद्धा देत नाही गं." आणि रडली.

सहा महिन्यांनी तिच्या हाताखालच्या सुपार्तीच्या मुलीचं लग्न निघालं. शिलाईवरच्या प्रत्येकीला भात, कोंबडी, शेवया असा डबा पोचला. तिउर्माला नाही. तिने कॅन्टीनच्या म्हातारीला कारण विचारलं.

म्हातारी तोंडावर हात ठेवून हसली. "अगं पोरी, डबा म्हणजेच आमंत्रण. खाल्ला की जावंच लागतं. वागियेमचा डबा तू चाटूनपुसून खाल्लास, 'छान होता' म्हणालीस, आणि तिच्या पोराच्या लग्नाला फिरकली नाहीस. आता कोण देईल?"

वागियेम म्हणजे तिथली सगळ्यात जुनी शिवणकरीण. ती गप्प, की सगळ्या गप्प.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिउर्मा बिनबोलावता सुपार्तीकडे गेली. मागच्या अंगणात बायका कांदे सोलत होत्या. तीही खाली बसली, सुरी उचलली. सुपार्तीने ती हळूच काढून घेतली.

"हात खराब होतील, बू. पुढे बसा ना."

पुढे मांडवात शंभर रिकाम्या खुर्च्या. तिला चहा दिला, केक दिला आणि सगळ्या आत निघून गेल्या. माणसाला परकं कसं करावं ते यांच्याकडून शिकावं, तेही तोंड गोड करून!

बातक रक्त किती वेळ थंड राहणार? तिउर्मा उठली, तडक मागे जाऊन वागियेमसमोर उभी राहिली.

"चुकलं माझं! डबा खाल्ला आणि आले नाही. मला तुमची रीत ठाऊक नव्हती. पण चाळिसातल्या एकीने तरी सांगायचं!"

अंगणात वागियेमखेरीज सगळ्यांचे हात थांबले.

वागियेमने मान वर केली नाही. "आम्ही काय सांगणार, बू? तुम्ही मोठ्या. डबा हातात घेतलात तेव्हा 'कशाचा गं?' म्हणून विचारलंत? माझ्या पोराचं नाव तरी ठाऊक आहे तुम्हाला?"

ठाऊक नव्हतं. चाळीस जणींच्या रोजच्या कामाचे आकडे तोंडपाठ होते, पण एकीच्याही पोराचं नाव नाही.

तिउर्मा जमिनीवर बसली. "काय नाव आहे?" तिने विचारलं, इतक्या खालच्या आवाजात की ती बोलली हे शेजारणीलाही कळलं नाही.

वागियेम कांदे सोलत राहिली.