गप्प खाट

आमच्या प्रसूती वॉर्डात एक रीत होती. कुणी शिकवली नव्हती, सगळ्यांना येत होती. जी बाई मोठ्याने ओरडेल, तिच्याकडे आधी धावायचं.

सातपुड्यातून धुळ्याला येणाऱ्या पावरा आदिवासी बायका कळांत ओठ मिटून पडून राहतात. "यांना दुखतच नाही," असं आम्ही सिस्टर चहा पिताना म्हणायचो. मीही म्हणायचे. नव्या मुलींना तर मीच शिकवलं. त्यापायी किती जणींना ताटकळत ठेवलं, हे आजवर कुणापाशी बोलले नाही.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक पहिलटकरीण आली, सोबत सासू. शेजारच्या खाटेवर एका व्यापाऱ्याच्या सुनेने वॉर्ड डोक्यावर घेतला होता, म्हणून मी तिथे. पहिलटकरणीची सासू माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"अक्का, अजून वेळ आहे. गप्प पडलीय ना ती?" मी म्हटलं.

ती गेली, पुन्हा आली आणि माझा हातच धरला. मोडक्या अहिराणीत म्हणाली, "बाई, आमनी पोर बोंबलत नही. तिले लाज वाटस. तिना बदला मी बोंबलू का?"

आणि बोंबलली की! पदर खोचून, वॉर्डाच्या मधोमध, डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी. व्यापाऱ्याची सून आपली कळ विसरून बघत राहिली.

मी धावले. बाळाचं डोकं दिसत होतं. हातमोजे चढवायला जेमतेम वेळ मिळाला. मुलगी झाली, आणि तिने असा सूर लावला की बाहेरचे नातेवाईक दारात गोळा झाले.

"ही तुमच्यावर गेली," मी सासूला म्हटलं.

"मंग? तिले समजनं, दवाखानामा कसं ऱ्हानं पडस."

सगळा वॉर्ड हसला. मी हसले, पण ते लागलं. बाळंतिणीला म्हणाले, "चुकलं माझं. आधी यायला हवं होतं. फार दुखलं का गं?" इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी एकीलाही हे विचारलं नव्हतं.

"फार," ती म्हणाली, आणि सरकून मला खाटेवर बसायला जागा केली.

संध्याकाळी व्यापाऱ्याची सून मोकळी होत होती, तेव्हा तिच्या उशाशी कोण? हीच सासू. "बोंबल माय, बोंबल," म्हणत होती.

तेवढ्यात आमची नवी सिस्टर त्या आवाजाकडे पळत निघाली; कोपऱ्यात दुपारी आलेली आणखी एक पावरा बाई ओठ मिटून पडली होती. मी सिस्टरला थांबवलं. "तिथे मी आहे. तू आधी त्या कोपऱ्यातल्या गप्प खाटेकडे जा. पोटावर हात ठेव, आणि विचार तिला."