सीताराम ओव्हाळचा घसा

सीताराम ओव्हाळचा घसा गेला, असं सगळी खडकी धरून चालली होती, आणि ते धादांत खोटं होतं. घसा ठणठणीत होता. तरी पाच वर्षं त्याची बायको जया रोज सकाळी हळद-मिठाचं कोमट पाणी त्याच्या हातात द्यायची आणि तो निमूटपणे गुळण्या करायचा. बिचारीने एक दिवस खाडा केला नाही. त्या पाण्याची त्याला जेवढी लाज वाटायची, तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी झाली, पण वस्ती त्याला ओळखायची ती गाण्यावरून. भीमजयंतीला त्याची गायन पार्टी उभी राहिली की लोक त्याचं स्वतःचं एक गाणं हटकून मागायचे. त्यात एक आई तापानं फणफणलेल्या पोराला डॉक्टरकडे न नेता देवीला नवस बोलत बसते, आणि पोर हातचं जातं. शेवटच्या कडव्यात सीताराम देवीला असा फैलावर घ्यायचा की ढोलकीवरच्या दशरथला हसू आवरायचं नाही. छप्पन साली धम्म घेतल्यावर घरातले देव मुळा नदीत सोडून आलेल्या बापाचा हा मुलगा. दुसरं काय गाणार?

दोन हजार आठ साली त्याची एकुलती एक मुलगी मैत्री आजारी पडली. हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत होती, न्यायला-आणायला कंपनीची बस. दृष्ट लागेल हो पोरीला, असं शेजारीण म्हणाली की सीताराम तिच्यावर डाफरायचा. मानेत गाठ आली, तपासली, कॅन्सर निघाला. चौथ्या केमोनंतर असा ताप चढला की डॉक्टर नजर चुकवून म्हणाले, "आजचा दिवस बघू."

भर दुपारी तो औषधं आणायला बाहेर पडला. हॉस्पिटलच्या फाटकाशी, रिक्षा स्टँडला लागून, हातभर उंचीचं देवीचं देऊळ होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मग चपला काढल्या. कोंबडं, नारळ बोलायला जीभ रेटेना. शेवटी ज्या गळ्यानं जन्मभर तिला शिव्या दिल्या, तोच गळा त्यानं देऊन टाकला. हिला जगव, मी पुन्हा गाणार नाही. एवढं पुटपुटून तो चोरासारखा तिथून निघाला.

ताप उतरला. आठ केमो आणखी झाल्या आणि मैत्री बरी झाली. सीतारामनं घसा गेल्याचं जाहीर केलं. गायन पार्टी मोडली, दशरथची ढोलकी खुंटीला लागली. मैत्रीनं मात्र नोकरी सोडून गिटार घेतली. गाणी तिची, सीडी तिची, ती विकायची पिशवीही तिचीच. ना कंपनी, ना मॅनेजर.

तेरा सालच्या डिसेंबरात ती नऊ दिवसांच्या दौऱ्यावर गेली. रोज संध्याकाळी फोन यायचा, जया तो स्पीकरवर लावायची.

"सोलापुरात माइक गेला, अख्खा कार्यक्रम उघड्या गळ्यानं केला. सांगलीत बत्तीस माणसं होती बाबा, त्यातले दोन वॉचमन." मग हसू. "कोल्हापुरात एक बाई थांबली होती, डोक्याला स्कार्फ. केस परत येतात का, म्हणाली. मी म्हटलं, माझे ओढून बघा. तिनं खरंच ओढले!"

सीताराम हसला. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि शेवटी तुमचं गाणं म्हणते. त्याआधी सांगते, मी मरायला टेकले होते तरी माझा बाप कुठल्या दगडापुढे झुकला नाही. प्रत्येक गावात सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला!"

जयाने नवऱ्याकडे अभिमानानं पाहिलं. सीताराम "हं" म्हणाला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठला.

"शनिवारी आपल्या विहारात शेवटचा कार्यक्रम. शेवटचं कडवं तुम्ही म्हणायचं. आवाज कसाही येऊ दे."

आणि मंगळवारी, कॅन्सर परत आला नाही ना हे बघायची, तिची पाच वर्षांची तपासणी होती. नवस थोतांड असतो, यावर सीताराम झोपेतून उठवला तरी तासभर बोलला असता. पण आपण गायलो आणि मंगळवारी काही निघालं तर, हा विचार काही केल्या हटेना. गावोगाव पोरगी आपल्या नावानं खोटं बोलते आहे, आणि ते खोटं तिच्या तोंडी आपण घातलं आहे. दोन्हीकडून तोच गुन्हेगार.

शनिवारी सकाळी ती तळेगावचा कार्यक्रम करून लोकलनं आली. खडकी स्टेशनच्या बाकावर तिला बसवून त्यानं सगळं सांगितलं. देऊळ, चपला, घसा. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून तो गिटारच्या पिशवीकडे बघत बोलला.

"बारा केमो मी घेतल्या, बाबा. ओकाऱ्या मी काढल्या. आणि बरं कुणी केलं, तर रिक्षा स्टँडवालीनं."

"मी घाबरलो होतो गं."

"आता?"

"आताही. मंगळवार आहे."

"हे तुम्ही बोलताय?"

"हो. मीच."

ती सामान उचलून चालू लागली.

संध्याकाळी विहार भरला होता. दशरथनं ढोलकी झटकून आणली होती. मैत्री छान गायली. शेवटचं गाणं आलं आणि तिनं नुसती तार छेडली. "अगं, ते बापाचं सांग की!" दशरथ म्हणाला. कोल्हापूरची खबर खडकीपर्यंत आली होती. मैत्रीनं मान खाली घातली. खोटं ती बोलणार नव्हती, आणि खरं बोलून बापाला उघडं पाडणार नव्हती. तिची ती खाली गेलेली मान सीतारामला बघवेना.

तो उठून माइकपाशी गेला. "मी झुकलो होतो," तो म्हणाला. "पोरीसाठी नवस बोललो, गाणं सोडीन म्हणून. घसा चांगला आहे माझा. जया, माफ कर."

पहिल्या रांगेतल्या जयाने पदर तोंडाला लावला. दशरथ त्याच्याकडे बघतच राहिला. "पाच वर्षं घरी बसवलंस मला," एवढंच बोलून त्यानं ढोलकी मांडीवर ओढली आणि ठेका धरला.

सीताराम गायला. आवाज फाटला, ताल एकदा चुकला, पण कडवं पुरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या की नाही, ते त्याला कळलंच नाही. मैत्रीनं त्याचा हात धरला. तिचाही हात गार होता.

"मलाही भीती वाटते, बाबा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "प्रत्येक तपासणीला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"कुणाशी बोलणार? तुम्ही तर कधी घाबरला नव्हतात."