हिवाळ्यात मागून यायचं

अप्पामामा गेल्याचा फोन आला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पंचवटीतून रिक्षा करून मी नाशिकरोडला त्यांच्या घरी पोचले, आणि सवयीने घराला वळसा घालून मागच्या दाराकडे निघाले. तेवढ्यात पुढची बेल वाजली. मी थबकलेच. थंडीच्या दिवसांत त्या घरात बेल वाजलेली कित्येक वर्षांत ऐकली नव्हती... मामांचा मुलगा शिरीष आजारपणासाठी बंगळूरहून आलेला होता. आता लोक भेटायला येणार, म्हणून त्याने तुटलेली वायर जोडून टाकली होती. शहाणपणाचंच केलं त्याने. मला मात्र मामा गेल्याचं खरं वाटलं ते त्या आवाजाने.

मामांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, टर्बाइनपाशी झाली. त्या घरघरीने कान गेले. नव्वदच्या दशकात निवृत्त झाले आणि त्यांनी बागेचा नाद धरला. पाखरं बघणारे लोक आधी आवाजावर जातात म्हणे. मामांना तो मार्गच नव्हता. ते नुसते खुर्ची टाकून बसायचे. थिरथिरा आला की शेपटीच्या थरथरण्यावरून ओळखायचे. थंडीत कुंद आणि अडुळसा फुलला की येईल त्याचा दंड धरून दाखवायला न्यायचे. अडुळशावरून घरात दर वर्षी जुंपायची. मामींना खोकल्याच्या काढ्याला पानं हवीत आणि मामांना मध प्यायला येणाऱ्या शिंजिरासाठी फुलं. "अख्खी बाग पाखरांना द्या, मी खोकत बसते," असं मामी म्हणायच्या. मामांना ते ऐकू जायचं नाही, किंवा तसं ते भासवायचे.

एका हिवाळ्यात शिंजिराने पोर्चमध्ये बेलच्या लोंबत्या वायरलाच घरटं बांधलं. जळमटं आणि वाळकी पानं चिकटवलेलं, लांबून चिंधी अडकल्यासारखं दिसणारं. बेल वाजली की मादी भुर्रकन उडायची. मामांना बेल ऐकू यायची नाही; पाखरू उडालं की ते दार उघडायला उठायचे. पण एकदा सिलेंडरवाल्याने बटणावर बोट ठेवलं ते काढेचना. मादी गेली ती परत आलीच नाही. घरट्यात अंडी तशीच राहिली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या थंडीत मादी पुन्हा वायरभोवती घिरट्या घालू लागली, तशी मामांनी बेलची वायरच तोडली.

नेमकी तेव्हाच देवळ्याहून मंडळी आली, शिरीषच्या बहिणीला, म्हणजे आमच्या मंजूला, बघायला. सांगून ठेवलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी आली. आत मामी पोहे परततायत, मंजू साडी नेसतेय, मामा मागे अडुळशापाशी. पाहुण्यांनी बटण दाबलं, वाट पाहिली, घरात कोणी नाही असं समजून चालते झाले. ते लग्न काही जमलं नाही. मामींनी अबोला धरला तो पार महाशिवरात्रीपर्यंत. मंजूचं पुढे चांगल्या ठिकाणी झालं, पण मामी ते विसरल्या नाहीत. त्यानंतर दर थंडीत बेल बंदच, म्हणून सगळ्या गणगोताला निरोप गेला, थंडी पडली की शिमग्यापर्यंत मागून यायचं. त्यामुळे आम्ही सगळे त्या घरात बागेतूनच शिरायला लागलो.

मामांच्या सुतकाच्या दिवसांत बेल सारखी वाजत होती. मी मामींजवळ खिडकीशी बसलेले असायचे. शिंजिराची मादी चोचीत जळमट घेऊन वायरीवर यायची, बेल वाजली की उडायची, पुन्हा यायची. मामी बघत होत्या. तेराव्यानंतर मादी दिसेनाशी झाली. "गेली," मामी एवढंच म्हणाल्या, आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यादेखत रडल्या. निघताना शिरीषने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की बेल चालू ठेवायची. आई एकटी, सत्तरी उलटलेली, वेळीअवेळी कोणी आलं तर? मलाही त्याचं पटलं. मामींनी मान डोलावली.

परवा मी पुन्हा गेले. बेल चालू असणार म्हणून या वेळी सरळ पुढच्या दाराशी गेले आणि बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. बाई पडली-बिडली की काय... एवढ्यात खिडकीचं एक दार किलकिलं झालं. मामी. एका हातात मामांचा टेस्टर.

"दाबू नकोस गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मागून ये. बसलीय ती."

मी वर पाहिलं. वायरला चिंधीसारखं काहीतरी लोंबत होतं. मी पाय न वाजवता वळसा घेतला. मागे अडुळसा भरून फुलला होता. काढ्यासाठी त्याची एकही फांदी तोडलेली नव्हती, आणि आत मामी खोकत होत्या.