हात न लावलेला भात

कालीमान्तानातल्या त्या तेलताडाच्या मळ्याची सेसीलियाला आताशा शिसारी यायची. तणनाशक फवारून फवारून तिची नखं काळी पडून गळाली होती आणि हातांचा उग्र वास कुठल्याच साबणाला दाद देत नव्हता. स्वतःचं तिने सोसलं. पण मुकादम हेर्मानने तिच्या पोटुशा लेकीच्या, यूलिताच्या पाठीवरही पंप चढवला, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. गरोदर बाईने फवारायचं नाही, हा मळ्याचाच नियम. मेल्यांनी तो फाटकावर रंगवूनही ठेवला होता.

त्या दिवशी जाकार्ताहून विंदाबाई येणार होत्या. मजुरांना काय धोका आहे ते तपासायचं आणि मग मळ्याच्या तेलाला चांगलं म्हणायचं, हे त्यांचं काम. गाडी दिसताच हेर्मानने यूलिताला फवारणीवरून उठवून खताच्या कोठारात कोंबलं.

"तोंड दाखवलंस तर उद्यापासून घरी," तो म्हणाला. मग तो सेसीलियाकडे वळला; यूलिताची आई म्हणून तिला सगळे 'माक यूलिता' म्हणत. "आणि माक यूलिता, तू बाईंना नुसतं खाऊ घाल. तोंड उघडायचं नाही."

सेसीलियाने पहाटेच बांबूत चिकट भात शिजवला होता. समोर आलेल्या अन्नाला त्यांच्यात कुणी नाही म्हणत नाही. भूक नसली तरी बोट लावायचं, नाहीतर वाटेत साप डसायचा. बाई एकदा जेवली की तिला लेकीचं सांगू, असा तिचा भाबडा बेत होता.

"औषधाचा त्रास होतो का हो?" विंदाबाईंनी विचारलं.

"छे! पाणीच ते," हेर्मान मध्येच बोलला.

सेसीलियाने ताट पुढे केलं. विंदाबाईंची नजर तिच्या बोटांवर गेली आणि त्या मागे सरकल्या.

"नको मावशी, आत्ताच खाल्लंय."

"नुसतं बोट लावा, बाई."

बाईंनी हात पाठीमागे नेले. ताट हेर्मानकडे वळलं. तो तर इथलाच, रीत जाणणारा. त्यानेही खिशातला हात काढला नाही.

"पाणी ना रे, निर्लज्जा?" सेसीलिया कडाडली. "मग बोट लावायला काय झालं? यूले, ये बाहेर! पाहुण्यांनी अन्न नाकारलंय, तू तरी हात लाव!"

कोठाराचं दार करकरलं. गळ्यात ओलं फडकं, पुढे आलेलं पोट सांभाळत यूलिता आली. विंदाबाई बघतच राहिल्या. हेर्मान काहीतरी पुटपुटला, पण कुणी ऐकलं नाही. भुकेल्या पोरीने भाताकडे हात नेला, तशी सेसीलियाने ताट झटकन मागे ओढलं.

"आधी हात धू, बाळा," ती म्हणाली. "सकाळपासून फवारतेयस."