सलीमचाचांना ग्रुपमधून काढलं

गाववाल्यांनो, हे ग्रुपवरच लिहिलं असतं, पण तिथनं मी आत्ताच बाहेर पडलो. म्हणून इथं लिहितोय.

गेल्या आठवड्यात आमचा बैल गेला, हरण्या. बेंबळीच्या आपल्या ग्रुपवर दिवसभर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येत होती. लई आधार वाटला.

आज सकाळी सलीमचाचांनी गाझातल्या एका बापाचा फोटो टाकला. त्याच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लेकरू होतं. खाली लगेच सुरू झालं. ‘फेक हाय.’ ‘टीव्हीवर तर न्हाय दाखवलं.’ एकानं तर हसणारा चेहरा टाकला. मी भांडलो त्यांच्याशी.

इस्रायलमधली पोरं मारली गेली तवाही ग्रुपवर एकानं ‘बरं झालं’ लिहिलं होतं. तेव्हाही मी असाच भांडलो होतो.

दुपारी ॲडमिननं चाचांनाच काढून टाकलं. फोन केला तर मला म्हणतो, “दादा, गावच्या ग्रुपवर राजकारण नको.”

हरण्याला पुरायचं होतं तेव्हा सगळ्यात आधी फावडं घेऊन आले ते हेच सलीमचाचा.

आणि माझा बैल खरंच मेला का, याचा पुरावा तुमच्यातल्या एकानंही मागितला नव्हता. मग त्या लेकराच्या मरणाचाच का मागता?